पाणवठ्यापासून पाणीपट्टीपर्यंत : वर्धा जिल्ह्यातील गावपाण्याचा कारभार

वर्धा जिल्ह्यातील गावांच्या पिण्याच्या पाण्याचा इतिहास बहुतेक वेळा बांधकामांचा इतिहास म्हणून सांगितला जातो; किती विहिरी खणल्या गेल्या, किती टाक्या उभ्या राहिल्या, किती घरांत नळ पोचले याची मोजदाद होते, परंतु त्या विहिरीतला गाळ दरवर्षी कोणी काढला, दोर आणि पोहरा कोणाच्या खर्चाने आला, मोटरीचे बिल कोणी भरले, आणि ज्यांनी हा भार उचलला त्यांना कारभारात किती शब्द मिळाला, हे प्रश्न मागे पडतात. लहान ग्रामीण पाणीव्यवस्था म्हणजे एका गावाचा किंवा दोन-चार वस्त्यांचा मिळून असलेला पाण्याचा उगम, ते पाणी उचलण्याचे साधन, ते घरापर्यंत नेण्याची वाट आणि या सर्वांची देखभाल करणारी माणसे, असा अर्थ येथे धरला आहे. या व्यवस्थेला पैसा, धान्य, श्रम किंवा मान यांपैकी कोणत्या ना कोणत्या रूपाने किंमत नेहमीच मोजावी लागली. ती न्याय्य होती की नव्हती हे मात्र पाणवठा कोणाला खुला होता आणि हिशेब कोणाला पाहता येत होता या दोन गोष्टींवर ठरत आले, आणि जिल्ह्याच्या गेल्या दीडशे वर्षांतील स्थित्यंतरे या दोन कसोट्यांवर तपासली असता त्यांचा क्रम अधिक स्पष्ट दिसतो.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे आरंभी पुलगावजवळच्या कवठ्याला होते आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नव्या वर्धा शहराची आखणी झाल्यावर ते तेथे हलले. जिल्ह्याची बहुतेक भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या बेसाल्टची आहे. या खडकात पाणी मोठ्या साठ्याच्या रूपाने राहत नाही, ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खालच्या भेगांत अडकून राहते, त्यामुळे एकाच शिवारात एका विहिरीला बारमाही झरे लागतात आणि शंभर हातांवरची दुसरी विहीर फाल्गुनातच तळ दाखवते. वर्धा, वेणा, बोर, धाम, यशोदा, पोथरा या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात, परंतु त्यांना मिळणारे बहुतेक नाले होळीनंतर कोरडे पडतात. गावाची वस्ती ज्या उंचवट्यावर असते तिला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणण्याची जुनी रीत आहे. पिण्याची विहीर शक्यतो पांढरीच्या कडेला, उताराच्या बाजूला खणली जाई, कारण तेथे पाणी कमी खोलीवर लागे, मात्र वस्तीतला निचराही त्याच दिशेने उतरत असल्याने पाण्याची शुद्धता हा प्रश्न या विहिरींच्या जन्माबरोबरच आलेला होता.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, गावपाण्याचा इतिहास तलावांचा आहे. तेथील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना बोलीत मामा तलाव म्हणतात, सिंचनासाठी आणि रोजच्या वापरासाठी बांधले गेले. वर्धा हा ज्वारी आणि कापसाचा मुलूख असल्याने येथे तशी तलावपरंपरा वाढली नाही. येथील गाव विहिरीवर, आडावर आणि उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर जगले. या फरकाचा कारभारावर खोल परिणाम झाला. तलावाचे पाणी शेतात जात असल्याने त्याच्या पाळ्या, त्याची दुरुस्ती आणि त्यावरचे हक्क यांविषयी तपशीलवार रूढी तयार झाल्या, तर पिण्याच्या विहिरीचे पाणी उत्पन्न देत नसल्याने तिच्या रूढी तोंडी राहिल्या आणि त्यांची नोंद फार थोडी झाली.

इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात जमाबंदी झाली तेव्हा मराठेशाहीत गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना व मक्तेदारांना गावाची मालकी बहाल करण्यात आली आणि त्यांना मालगुजार हे नाव मिळाले. गावातील पडीक जमीन, झाडोरा, गावठाण आणि सार्वजनिक पाणवठे यांवर मालगुजाराचा ताबा मानला गेला, परंतु रयतेचा निस्तार, म्हणजे सरपण, चराई, पाणी अशा रोजच्या गरजा भागवण्याचा हक्क, रूढीने मान्य होता आणि अशा रूढी ज्या गावदप्तरात उतरवल्या जात त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणत. पिण्याच्या पाण्याला रोकड दर नव्हता. तथापि विहीर फुकट चालत होती असे समजणे चूक आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गाळ काढण्यासाठी घरटी माणूस द्यावा लागे, ढासळलेल्या बांधणीसाठी दगड वाहून आणावे लागत, गडगडी बसवणाऱ्या सुताराला आणि पोहरा सांधणाऱ्या लोहाराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, आणि नवी विहीर खणायची असेल तर मालगुजाराची किंवा एखाद्या सधन कुटुंबाची धर्मबुद्धी आणि प्रतिष्ठेची इच्छा यांवर गावाला अवलंबून राहावे लागे. जिल्ह्यातील जुन्या दगडी विहिरींच्या काठावर आजही दोराच्या घर्षणाने पडलेल्या खोल, गुळगुळीत खाचा दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर चुंबळ आणि गुंड घेऊन आलेल्या बायकांनी रोज मोजलेली किंमत त्या खाचांत उमटलेली आहे, आणि गावाच्या कोणत्याही दप्तरात तिची नोंद नाही.

या व्यवस्थेचा मोठा दोष तिच्या वगळण्यात होता. गावाचा कोतवाल, म्हणजे पहारा देणारा, निरोप पोचवणारा, मेलेली जनावरे ओढण्यापासून सरकारी अंमलदाराच्या सरबराईपर्यंत पडेल ते काम करणारा गावनोकर, बहुधा महार समाजातील असे. गावाची सेवा त्याच्यावर बंधनकारक होती आणि गावाची विहीर त्याला बंद होती. महारवाड्याला स्वतंत्र आड असेल तर ठीक, तो आटला की नाल्यातला झिरा उकरणे किंवा सवर्ण विहिरीपासून अंतरावर उभे राहून कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहणे एवढाच मार्ग उरे. अशा गावात पाणी विनामूल्य होते असे म्हणणाऱ्या आठवणी अनेक ठिकाणी ऐकू येतात. त्या प्रामाणिक असतील, परंतु त्या ज्यांना दोर सोडता येत होता त्यांच्या आठवणी आहेत.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. दुष्काळी कामांत रस्ते आणि तलावांबरोबर विहिरीही घेतल्या गेल्या, आणि १८८३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने स्थापन झालेल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलांच्या खर्चात गावविहिरींची दुरुस्ती हे लहानसे कलम येऊ लागले. मोठ्या खेड्यांना लागू करता येणाऱ्या ग्रामस्वच्छता कायद्याने घरांवर हलकी पट्टी बसवून स्वच्छता आणि पाण्याची किरकोळ कामे करण्याची सोय केली. गावपाण्यासाठी रोकड पट्टीची कल्पना येथून सुरू होते. पट्टी किती असावी आणि ती कोठे खर्च व्हावी हे ठरवण्यात देणाऱ्यांचा वाटा मात्र नगण्य होता. १९२० च्या मध्य प्रांत ग्रामपंचायत कायद्याने पंचायती कागदावर आल्या, परंतु मालगुजारी टिकून असेपर्यंत पाणवठ्याच्या कारभारात त्यांचे वजन पडले नाही.

पाणवठा कोणाला खुला, या प्रश्नाला वर्ध्यात उघड तोंड फुटले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करून सार्वजनिक पाण्यावरचा हक्क हा नागरिकत्वाचा प्रश्न म्हणून मांडला. पुढच्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले आणि त्याच सुमारास आपल्या ताब्यातील विहिरीही खुल्या केल्या. या दोन घटनांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. महाडला हक्क मागणारे स्वतः तळ्यावर गेले. वर्ध्याला मालकाने दार उघडले. मालकाने उघडलेली विहीर ही मोठीच गोष्ट होती, पण तिचा कारभार मालकाच्या सद्भावनेवर उभा होता, आणि ज्या शेकडो गावांचे मालगुजार तसे नव्हते तेथे काही बदलले नाही.

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहावयास आले. या गावाची मालगुजारी बजाज यांच्याकडे होती आणि १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याआधी, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जे. सी. कुमारप्पा मगनवाडीतून त्याचे काम पाहत होते. सेवाग्रामच्या प्रयोगांत ग्रामसफाईला मध्यवर्ती स्थान होते आणि पाणवठ्याभोवतालची घाण, उघडी गटारे, शौचाच्या सवयी हे तिचे रोजचे विषय होते; विहिरीच्या देखभालीचे काम हलक्या जातीचे न मानता प्रत्येकाने करावे, हा त्यामागचा आग्रह होता. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा भाव्यांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा प्रयोग केला तेव्हा आश्रमवासीयांनी स्वतः विहीर खणली आणि हाताने रहाट फिरवून भाजीला पाणी दिले. वर्धा नदीपलीकडे मोझरीहून तुकडोजी महाराजांच्या सेवामंडळांनी श्रमदानाचा प्रचार याच भागात केला. या सर्व प्रवाहांनी श्रमाला पाण्याच्या किमतीत मानाचे स्थान दिले, हे त्यांचे देणे मोठे आहे. मात्र श्रमदानाचा हिशेब ठेवण्याची रीत त्यांनी रुजवली नाही, आणि ज्याच्या घरी रोजमजुरीवाचून चूल पेटत नाही त्याच्या दिवसाची किंमत आणि सधन शेतकऱ्याच्या दिवसाची किंमत श्रमदानात सारखी धरली जाते, ही अडचण तशीच राहिली.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात, ज्यात तेव्हा वर्धा जिल्हाही होता, मालगुजारी संपुष्टात आली आणि गावठाण, पडीक, तलाव, सार्वजनिक पाणवठे शासनाच्या मालकीचे झाले. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने सार्वजनिक विहिरीवर कोणालाही अडवणे हा अपराध ठरला. १९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तहसीलवार कारभार पाहणाऱ्या जनपद सभा जाऊन १९६२ च्या १ मेपासून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या आल्या. अवघ्या अकरा वर्षांत पाणवठ्याचा धनी चार वेळा बदलला, आणि या धावपळीत गाळ काढण्याची घरटी पाळी, खळ्यावरचा सुतार-लोहाराचा वाटा यांसारख्या जुन्या जबाबदाऱ्या कोणाच्याही हाती सोपवल्या गेल्या नाहीत. मालकी शासनाकडे गेली आणि गाळ विहिरीत राहिला.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीला कर बसवण्याचा अधिकार दिला आणि त्यात पाण्याच्या दोन पट्ट्या होत्या. सामान्य पाणीपट्टी ही सार्वजनिक नळ, विहीर किंवा हातपंप यांची सोय असलेल्या गावातील घरांवर बसते, मग त्या घरी स्वतंत्र नळ असो वा नसो. विशेष पाणीपट्टी ज्याच्या घरात खासगी जोडणी आहे त्याच्याकडून घेतली जाते आणि ती सपाट दराने किंवा मीटरवर आकारता येते. या विभागणीत न्यायाची चांगली समज आहे. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आधार असल्याने त्याचा थोडा भार सर्वांवर, आणि दारात पाणी येण्याची सोय ज्याला मिळाली त्याच्यावर अधिक भार, असे तिचे तत्त्व आहे. घराघराची आकारणी नमुना ८ या नोंदवहीत, मागणी आणि वसुली नमुना ९ मध्ये, आणि पैसे भरल्याची पावती नमुना १० वर दिली जाते. नमुना ९ चे पान उघडले की मागील थकबाकी, चालू मागणी, एकूण, वसूल आणि शिल्लक असे रकाने एका ओळीत दिसतात, आणि गावात कोणाचा वचक आहे, कोणाला सवलत मिळते, कोणाचा नळ थकबाकीसाठी तोडला जातो आणि कोणाचा तोडला जात नाही, याचा जेवढा खरा वृत्तांत त्या ओळींत सापडतो तेवढा ग्रामसभेच्या इतिवृत्तात क्वचितच सापडेल.

१९७२ च्या दुष्काळाने ही सारी मांडणी बाजूला सारली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास कामाला लागली, खडक फोडणारी रिग यंत्रे गावोगाव फिरू लागली आणि विंधनविहिरीवर हातपंप, बोलीत बोरिंग किंवा हापशी, बसवला गेला. जालना आणि सोलापूर येथे मिशनऱ्यांच्या आश्रयाने विकसित झालेल्या पोलादी पंपांच्या अनुभवातून पुढे इंडिया मार्क दोन हा पंप तयार झाला, म्हणजे या साधनाच्या घडणीत महाराष्ट्राचा थेट वाटा आहे. हातपंपाने बायकांचे श्रम कमी केले आणि वस्तीवस्तीत स्वतंत्र साधन आल्याने विहिरीवरच्या जातीच्या भिंतीला वळसा मिळाला. हे दोन्ही लाभ निर्विवाद आहेत. परंतु पंप नादुरुस्त झाला की पंचायत समितीच्या यांत्रिकाची वाट पाहावयाची, ही सवयही त्यानेच लावली. दुरुस्तीसाठी पंचायतीने भरावयाची वार्षिक वर्गणी कागदोपत्री असे, गावकऱ्याला ती दिसत नसे. पाण्याची किंमत प्रथमच गावाच्या दृष्टीआड गेली, आणि पाणी हे सरकार देते अशी समजूत एका पिढीत पक्की झाली.

नळयोजना आल्या तेव्हा ही समजूत महाग पडली. नदीकाठी किंवा नाल्यालगत विहीर, तिच्यावर विजेचा पंप, गावातील उंच जागी टाकी आणि तेथून उतरणाऱ्या नळवाहिन्या, असे या योजनेचे रूप असते. १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेले पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ, जे १९९७ पासून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले, आणि जिल्हा परिषद यांनी त्या बांधल्या व पंचायतींच्या हवाली केल्या. हवाली करताना पंचायतीला टाकीची किल्ली मिळे, चालवण्याच्या खर्चाचा अंदाज फारसा मिळत नसे. हा खर्च नेमका कशाचा असतो हे समजल्याशिवाय न्याय्य दराची चर्चा पोकळ राहते, म्हणून त्याचे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे.

दोनशे घरांचे, हजार लोकवस्तीचे गाव धरले आणि माणशी रोज ५५ लिटर हे आजचे प्रमाण लावले, तर रोज ५५,००० लिटर पाणी लागते. विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या माथ्यापर्यंतची उंची ४० मीटर धरली, तर हे पाणी उचलण्यास सिद्धांताने सहा युनिट वीज पुरते. पंप, मोटर आणि वाहिनीतील घट लक्षात घेता बारा ते पंधरा युनिट लागतात. महिन्याचे हे सुमारे ४०० युनिट दोनशे घरांवर वाटले, तर एका कुटुंबाच्या महिन्याभराच्या पाण्याला सुमारे दोन युनिट वीज पडते. एवढ्या विजेने कोणाचेही घर बुडत नाही. गाव बुडते ते इतर कारणांनी : वाहिनी निम्मी गळत असेल तर वीज दुप्पट लागते, पंप बंद असला तरी स्थिर आकार चढतच राहतो, बिल थकले की व्याज लागते आणि शेवटी जोडणी तुटते, मोटर जळाली की गुंडाळणीचा खर्च एकाच महिन्यात येतो आणि त्यासाठी कोणी घसारा निधी, म्हणजे झिजणाऱ्या साधनांसाठी दरमहा बाजूला काढावयाची रक्कम, ठेवलेला नसतो. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, ज्याला जलसुरक्षक म्हणतात, अत्यल्प आणि अनियमित मोबदला मिळतो, आणि तरीही रोज पहाटे व्हॉल्व्ह फिरवण्यापासून ५०,००० लिटरच्या टाकीत पाणी निर्जंतुक करणारी सुमारे ३०० ग्रॅम टीसीएल पावडर कालवून टाकण्यापर्यंत गावाचे आरोग्य त्याच्याच हातात असते. पावडर जुनी झाली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मापाने टाकलेली पावडर निरुपयोगी ठरते. शेवटच्या नळावर उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळा रंग येतो की नाही हे पाहणे, आणि आरोग्य विभागाच्या पाहणीत गावाला हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळते याची फिकीर करणे, ही कामेही त्याच्याकडेच येतात. ज्या गावाचा दर या माणसाचे पुरेसे वेतन धरत नाही तो दर कितीही कमी असला तरी स्वस्त म्हणता येणार नाही.

दर सपाट असावा की वापराप्रमाणे, हा वाद या गणितानंतर वेगळा दिसू लागतो. सपाट दरात एकटी राहणारी वृद्धा आणि आठ माणसे व चार जनावरे असलेले घर सारखेच देतात. मीटर बसवावे तर त्याची खरेदी, वाचन आणि दुरुस्ती यांचा खर्च लहान गावाला पेलत नाही. यांतून मधला मार्ग काढणारा एक विचार जिल्ह्यातच, पाण्याऐवजी आरोग्याच्या क्षेत्रात, आकाराला आला होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची जी योजना चालवली तिची वर्गणी हंगामावर ज्वारीच्या रूपाने घेतली जाई, जमीनदाराने भूमिहीनापेक्षा अधिक द्यावे अशी तिची रचना होती, आणि गावातील बहुसंख्य घरे सामील झाल्याशिवाय गाव योजनेत घेतले जात नसे. पैसा हाती असेल तेव्हा घेणे, ऐपतीप्रमाणे घेणे आणि सर्वांना बांधून घेणे, ही तीन तत्त्वे पाणीपट्टीला जशीच्या तशी लागू पडतात. कापूस विकला जातो त्या हंगामात वर्षाची पट्टी घेणाऱ्या पंचायतीची वसुली मार्चअखेर घरोघर फिरणाऱ्या पंचायतीपेक्षा सुकर होणे स्वाभाविक आहे.

न्यायाचा दुसरा भाग नळवाहिनीच्या उताराशी जोडलेला आहे. टाकीजवळच्या घरांना दाब अधिक मिळतो आणि गावाच्या टोकाला पाणी करंगळीएवढ्या धारेने येते; त्यात वरच्या घरांनी नळाला टिल्लू पंप, म्हणजे वाहिनीतून पाणी ओढून घेणारी लहान मोटर, लावली की टोकाच्या घरी केवळ हवा येते. जुन्या वस्तीरचनेमुळे टोकाला बहुधा दलितांची आणि भूमिहीनांची घरे असतात, आणि म्हणून १९५५ च्या कायद्याने ज्यांना विहीर मिळवून दिली त्यांना वाहिनी पुन्हा मागे ढकलते, आता कोणीही तोंडाने नाही न म्हणता. पट्टी मात्र दोघांना सारखीच लागते. भागवार व्हॉल्व्ह बसवून पाळीने पाणी सोडणे आणि टिल्लू पंप जप्त करणे हे याचे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. ते अमलात आणण्यास सरपंचाला स्वतःच्या शेजाऱ्याच्या दारी जावे लागते, म्हणून ते राहून जातात.

२७ जुलै २००० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने मागणीवर आधारित धोरण स्वीकारले : गावाने ठराव करून योजना मागावी, भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा उचलावा आणि देखभालीचा संपूर्ण खर्च स्वतः करावा. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ ते २००९ या काळात राज्यात चाललेल्या जलस्वराज्य प्रकल्पाने याच पायावर गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या उभ्या केल्या, त्यांत किमान निम्म्या महिला असाव्यात असा नियम केला आणि खर्च तपासण्यासाठी गावाचीच सामाजिक लेखापरीक्षण समिती नेमावयास लावली. पाण्याच्या कारभारात आजवर न जुळलेला दुवा, म्हणजे देणाऱ्याला हिशेब पाहण्याचा अधिकार, येथे योजनेच्या नियमात आला, आणि या धोरणाचे ते सर्वांत मोलाचे अंग होते. दुर्दैवाने लक्ष दहा टक्क्यांवर अधिक राहिले. लोकवर्गणी कंत्राटदाराने किंवा एखाद्या पुढाऱ्याने भरून टाकण्याची पळवाट राज्यात अनेक ठिकाणी चर्चेत आली. अशा गावात समितीच्या हाती हिशेब येण्याआधीच त्याचा अर्थ संपला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक घरी नळ आणि माणशी ५५ लिटर हे उद्दिष्ट ठेवले आणि समितीची रचना कायम ठेवली, परंतु घरोघर जोडणीमुळे सामान्य पाणीपट्टी भरणारे बहुतेक सर्वजण आता विशेष पाणीपट्टीच्या वर्गात येतात. ज्यांना सार्वजनिक नळ पुरत होता त्या घरांवर अधिक दराची मागणी निघते, आणि या बदलाची चर्चा ग्रामसभेत व्हावी तितकी होत नाही.

त्याच वेळी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून आला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने पथदिवे व पाणीपुरवठ्याची वीजबिले या निधीतून भरण्यास मुभा दिली. तुटलेल्या जोडण्या पुन्हा सुरू झाल्या, टाक्या भरल्या, हा दिलासा खरा होता. पण वीजबिल निधीतून गेले की पट्टी वसूल करण्याची निकड संपते, आणि १९७२ नंतर हातपंपाने जे घडवले तेच पुन्हा घडू लागते. आयोगाचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचा होता, आणि अशा निधीच्या मुदती गावाच्या तहानेपेक्षा नेहमीच लहान असतात.

या सर्व चर्चेत उगमाचा प्रश्न सर्वांत मागे राहिला आहे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खणण्यास मनाई केली आणि २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) कायदा, जो राष्ट्रपतींच्या संमतीनंतर प्रत्यक्षात आला, त्याने ही जबाबदारी अधिक विस्तृत केली. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. बागेला उन्हाळ्यातही पाणी लागते, एक बोर आटली की दुसरी अधिक खोल जाते, आणि त्याच खडकाच्या भेगांवर गावाची पिण्याची विहीर अवलंबून असते. बागायतदारावर येथे दोष ठेवण्याचे कारण नाही, कारण झाड वाळले तर त्याची अनेक वर्षांची मेहनत जाते; परंतु गावाची विहीर खोल करण्याचा, टँकर आणण्याचा किंवा नवी वाहिनी टाकण्याचा खर्च पाणीपट्टी भरणाऱ्या सर्वांवर पडतो आणि भूगर्भातून सर्वाधिक पाणी घेणाऱ्यावर त्याचा वेगळा भार येत नाही, ही विषमता कोणत्याही दरपत्रकाने दूर होत नाही. आर्वी तालुक्यातील काकडदरा या डोंगराळ खेड्याने २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला तो समतल चर, बांध आणि नाल्यावरची कामे स्वतःच्या श्रमाने करून. मुरुमात पाणी मुरवणे हीच बेसाल्टच्या मुलखात पाणीपुरवठ्याची पहिली पायरी आहे, हे त्या गावाने कृतीतून मांडले. अशा कामाला लागणारा श्रम आणि पैसा पाणीव्यवस्थेच्या नित्य खर्चात धरला जात नाही, तो स्पर्धा, देणगी किंवा योजना आली तरच उभा राहतो, आणि चर बुजले की पुन्हा पुढच्या योजनेची वाट पाहिली जाते. पाणीपट्टीच्या आकारणीत वीज, वेतन, पावडर आणि दुरुस्ती यांच्या जोडीला उगमाच्या जपणुकीचे कलम घालण्यास १९५८ च्या कायद्याची आडकाठी नाही. ग्रामसभेने तसा ठराव करावा, समितीने त्याचे स्वतंत्र खाते ठेवावे आणि अधिक उपसा करणाऱ्यांकडून त्यात अधिक वाटा घेण्याची बोलणी गावातच व्हावीत, एवढ्याची गरज आहे.